मंकी पंच, ल्युपिन आणि झिप्पो: संग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या कपाटातले लायटर बघून घरी येणारा प्रत्येक जण आधी सिगारेटबद्दल विचारतो, आणि मग त्यावरच्या चित्रांबद्दल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात संपतं: नाही. दुसऱ्याला वेळ लागतो, कारण ती चित्रं एका माणसाच्या साठ वर्षांच्या कामातून आली आहेत. ‘ल्युपिन तिसरा’ या चोर-नायकाचे जनक, जपानी चित्रकार मंकी पंच यांच्या नावाने आणि त्यांच्या चित्रांनी सजलेले झिप्पो लायटर जमवणाऱ्या, किंवा जमवायला लागलेल्या मराठी मित्रमैत्रिणींनी मला जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे.

मंकी पंच म्हणजे नेमके कोण?

खरं नाव काझुहिको काटो. जन्म २६ मे १९३७, जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावरच्या हामानाका या मासेमारीच्या गावात. शाळेत असल्यापासून चित्रं काढायचे. गावच्या दवाखान्यात एक्स-रेच्या कामात मदत करत करत त्यांनी हात तयार केला. पुढे तोक्योला गेले, तिथे शिक्षण अर्धवट सोडलं आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढू लागले. त्या काळी जपानमध्ये अशा दुकानांचं मोठं जाळं होतं आणि कितीतरी चित्रकार त्यातूनच वर आले.

१९६५ मध्ये त्यांचं व्यावसायिक काम सुरू झालं. १० ऑगस्ट १९६७ ला फुताबाशा प्रकाशनाच्या ‘साप्ताहिक मांगा अ‍ॅक्शन’चा पहिला अंक निघाला आणि त्याच अंकात ‘ल्युपिन तिसरा’ अवतरला. ११ एप्रिल २०१९ ला, वयाच्या ८१ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट मला फार आवडते. हा माणूस जुन्या पिढीचा, दौत आणि टाक घेऊन बसणारा. पण संगणकावर चित्र काढायला जपानमध्ये जे सगळ्यात आधी सरसावले, त्यांत ते होते. साठी उलटून गेल्यावर ते पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठात विद्यार्थी म्हणून बसले आणि नंतर ओतेमाए विद्यापीठात मांगा शिकवायला लागले.

जपानी माणसाचं नाव ‘मंकी पंच’ कसं काय?

ते त्यांनी स्वतः ठेवलेलं नाही. ‘मांगा अ‍ॅक्शन’चे संपादक शिमिझु यांनी त्यांचं काम एका हौशी प्रकाशनात पाहिलं होतं. रेघ बघून चित्रकार कुठल्या देशाचा हे कळत नव्हतं, म्हणून संपादकांनी नावही तसंच दिलं, कुठल्याच देशाचं न वाटणारं. काटोंना ते आवडलं नव्हतं. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, मालिका संपली की नावही संपेल, अशी त्यांची समजूत होती. मालिका गाजली आणि नाव जन्मभर चिकटलं.

रेघ परकी वाटण्याचं कारण अमेरिकेतलं ‘मॅड’ मासिक. मॉर्ट ड्रकर आणि सर्जिओ अरागोनेस या तिथल्या व्यंगचित्रकारांचा त्यांच्यावर दाट प्रभाव होता. लांबलचक हातपाय, कपड्यांवरच्या चुण्या, एका फटकाऱ्यात धावणारा माणूस. लायटरवरचं चित्र बघताना हे आधी बघा.

आणि ल्युपिन?

फ्रेंच लेखक मॉरिस लब्लाँ यांनी १९०५ मध्ये आर्सेन ल्युपिन हा सभ्य चोर निर्माण केला. मंकी पंच यांचा नायक त्याचा नातू. सोबतीला अचूक नेमबाज दाइसुके जिगेन, तलवारबाज गोएमोन, कोणाच्याच हाती न लागणारी फुजिको मिने आणि मागावर असलेले इन्स्पेक्टर झेनिगाता. ल्युपिन आणि झेनिगाता यांचं नातं टॉम आणि जेरीसारखं आहे, असं मंकी पंच सांगत. लब्लाँच्या वारसांची परवानगी घेतलेली नव्हती, त्यामुळे पाश्चात्त्य देशांत बरीच वर्षं या पात्राला ‘रुपान’ किंवा ‘वुल्फ’ अशी नावं घेऊन फिरावं लागलं. जुन्या परदेशी वस्तूंवर ‘ल्युपिन’ हे नाव दिसलं नाही तर गोंधळू नका.

स्मरणवस्तू म्हणून लायटरच का? पेन किंवा घड्याळ का नाही?

तीही निघाली आहेत. पण ल्युपिनच्या जगात धूर आणि आग पानोपानी आहे. जिगेन म्हणजे डोळ्यांवर ओढलेली टोपी, दाढी आणि ओठात चुरगळलेली वाकडी सिगारेट. १९७१ च्या अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिकेपासून तर खऱ्या वस्तू खऱ्या नावानिशी दाखवायचा आग्रहच होता: ल्युपिनचं वॉल्थर पी-३८ पिस्तूल, जिगेनचं स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर, मर्सिडीज एसएसके गाडी. वस्तूंवर इतकं प्रेम करणाऱ्या कथेची आठवण ठेवायची तर ती खिशात मावणाऱ्या, धातूच्या, हातात वजन जाणवणाऱ्या वस्तूवर शोभते.

दुसरं कारण अगदी साधं. झिप्पोची बाजू ही उभी, सपाट, गुळगुळीत चौकट असते. मांगाच्या पानावरच्या एका चौकटीसारखीच. उत्तम रेघेला तेवढी जागा पुरते.

लायटरवरचं चित्र मंकी पंच यांचं स्वतःचं आहे की अ‍ॅनिमेतलं, हे कसं ओळखायचं?

माझ्या दृष्टीने या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. ‘ल्युपिनचा लायटर’ आणि ‘मंकी पंच यांचा लायटर’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि विकणारे दोन्ही एकाच नावाने विकतात.

पहिली खूण हक्काच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, ओळीत. चित्राच्या कडेला, तळाला किंवा खोक्यावर बारीक अक्षरांत ती असते. जपानी लिपीत ‘मंकी पंच’ आणि पुढे तिरकी रेघ देऊन रोमन अक्षरांत टीएमएस आणि एनटीव्ही असं असेल, तर तो अ‍ॅनिमेचा परवाना. टीएमएस ही अ‍ॅनिमेची निर्मिती संस्था आणि एनटीव्ही हे दूरचित्रवाणीचं जाळं. नुसतंच ‘मंकी पंच’ असेल, तर चित्र मांगाच्या बाजूने आलं असण्याची शक्यता जास्त. जपानी लिपी येत नसली तरी मागची ती सहा रोमन अक्षरं आहेत की नाहीत एवढं बघता येतंच.

दुसरी खूण गाडीची. लायटरवर पिवळी, बुटकी फियाट ५०० असेल तर ते अ‍ॅनिमेचं देणं. १९७१ च्या मालिकेचे अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक यासुओ ओत्सुका यांची स्वतःची गाडी फियाट ५०० होती आणि त्यांनी ती ल्युपिनला दिली. पुढे हायाओ मियाझाकी यांच्या ‘कॅलिओस्त्रोचा किल्ला’ या १५ डिसेंबर १९७९ ला आलेल्या चित्रपटात तिचा पाठलाग अजरामर झाला. मियाझाकींनी दिग्दर्शित केलेला तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. म्हणजे फियाटचा लायटर घेतलात तर वंदन ओत्सुका आणि मियाझाकी यांनाही पोहोचतं. त्यात काही वाईट नाही, फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं.

तिसरी खूण कोटाच्या रंगाची. रंगीत मुलामा किंवा मिना असेल तर हिरवा कोट १९७१ च्या मालिकेचा, गुलाबी १९८४ च्या, निळा २०१५ च्या. लाल रंगावरून मात्र ठरवू नका. १९७७ ते १९८० या काळात १५५ भाग चाललेल्या दुसऱ्या मालिकेने लाल कोट घरोघरी पोहोचवला, पण मांगाच्या रंगीत चित्रांतही तो भरपूर आहे.

शेवटची खूण रेघेची, आणि ती बघून बघूनच डोळ्यांत बसते. अ‍ॅनिमेत शेकडो हातांनी तेच पात्र काढायचं असतं, म्हणून बाह्यरेषा बंद, सारख्या जाडीची, नेटकी. मंकी पंच यांच्या टाकाची रेघ मध्येच तुटते, जाड होते, बारीक होते, कधी कोपर पूर्ण न काढताच पुढे पळते. माझ्याकडे ब्रश केलेल्या पितळेचा एक लायटर आहे. त्यावर जिगेनचं नुसतं डोकं आहे. टोपीची कड एका फटकाऱ्यात, आणि दाढी म्हणजे जेमतेम नऊ-दहा आडवेतिडवे ओरखडे. भिंगातून बघितलं तर कोरणाऱ्याने त्या ओरखड्यांची टोकं निमुळती ठेवली आहेत, कागदावर टाक उचलताना होतात तशी. चित्र धातूवर उतरवणाऱ्याने मूळ पान किती बारकाईने बघितलं असेल! मी तो लायटर त्या टोकांसाठी घेतला.

तळाशी असलेली अक्षरं आणि आकडे काय सांगतात?

झिप्पो कंपनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावची. जॉर्ज ब्लेझडेल यांनी ती १९३२ मध्ये सुरू केली. पहिले लायटर १९३३ मध्ये १.९५ डॉलरला विकले गेले. साधारण १९५५ पासून तळावर निर्मितीची खूण मारायला लागले, आधी ठिपके, मग उभ्या आणि तिरक्या रेघा. १९८६ च्या मध्यापासून पद्धत बदलली: डावीकडे इंग्रजी ए ते एल यांतलं एक अक्षर, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, आणि उजवीकडे वर्ष. वर्ष आधी रोमन अंकांत असायचं. २००१ पासून साध्या दोन आकड्यांत येतं. माझ्या जिगेनच्या तळाला डावीकडे ‘सी’ आणि उजवीकडे ०७ आहे, म्हणजे मार्च २००७.

आता यातली मेख. हा कोड कोऱ्या लायटरचा आहे, चित्राचा नाही. कोरे लायटर ब्रॅडफर्डहून जपानला जातात आणि बरीचशी सजावट तिथे होते. त्यामुळे कोड चित्राच्या आधीचा असणं अगदी स्वाभाविक आहे. डबी तयार होऊन वर्षभर पडून राहिली असेल आणि मग तिच्यावर जिगेन उमटला असेल. उलट झालं तर मात्र थांबा. विकणारा म्हणतो ‘१९९० च्या सुमाराचा दुर्मीळ लायटर’ आणि तळाला वर्ष दोन साध्या आकड्यांत आहे, तर पुढे बोलायची गरजच नाही. तसंच, काटोंच्या हयातीत निघालेला म्हणून विकला जाणारा लायटर एप्रिल २०१९ नंतरच्या कोडचा असूच शकत नाही.

डबीतून बाहेर ओढता येणाऱ्या, वात आणि चाक असलेल्या आतल्या भागावरही कोड असतो. बाहेरच्या आणि आतल्या कोडमध्ये काही महिन्यांचा फरक दिसतो, तेवढ्यावरून शंका घेऊ नका. वर्षांचा फरक असेल तर आतला भाग कधीतरी बदलला गेला आहे, एवढं समजा.

जपानमध्ये सजावट कोणत्या पद्धतीने करतात?

आम्लाने कोरणं म्हणजे एचिंग सगळ्यात जास्त, आणि रेघेच्या चित्राला तेच सगळ्यात न्याय देतं. त्याशिवाय चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा देऊन तो जुना केल्यासारखा काळवंडवतात, खोलगट भागात रंगीत राळ भरतात, धातूचा छोटा उठावाचा बिल्ला बसवतात, शिंपल्याचे तुकडे जडवतात. शिंपला ल्युपिनला शोभत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. चमक रेघेला खाऊन टाकते. दोन्ही बाजूंनी काम केलेला लायटर एका बाजूच्या लायटरपेक्षा महाग असतो. क्रमांकित असेल तर क्रमांक बहुतेकदा तळाला किंवा अंगावर कोरलेला आणि सोबतच्या कार्डावर छापलेला असतो. दोन्ही जुळलेच पाहिजेत.

नकली माल कसा टाळायचा?

पूर्ण नकली झिप्पो ओळखणं तुलनेने सोपं. तळाचा ठसा उथळ किंवा वेडावाकडा, झाकण आणि डबी यांच्यामधली फट एकसारखी नाही, आतला भाग ढिला किंवा निघतच नाही असा. वातीभोवतीच्या वाऱ्याच्या चिमणीला एका बाजूला आठ भोकं असतात, तीन-दोन-तीन अशा ओळींत. आणि झाकणाचा आवाज! खऱ्याचा ‘क्लिक’ कोरडा आणि तुटक असतो.

जास्त फसगत होते ती वेगळ्या मालात. लायटर अस्सल, पण चित्र कोणीतरी घरच्या लेझर यंत्रावर कोरलेलं. तळ बघितला तर सगळं बरोबर. हक्काची ओळ मात्र कुठेच नाही, खोकंही साधं. मी स्वतः एकदा असा लायटर ऑनलाइन घेतला. फोटोत रेघ छान दिसत होती. हातात आल्यावर कळलं की चित्र रेघांचं नाहीच, बारीक ठिपक्यांचं आहे, संगणकावरून उतरवलेल्या कमी दर्जाच्या फोटोसारखं. ज्या चित्रकाराचं सगळं वैभव रेघेत, त्याच्या रेघेचेच ठिपके झालेले. पैशांपेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून विकणाऱ्याकडून चित्राचा एक जवळून काढलेला, आडव्या प्रकाशातला फोटो मागवल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही.

घेतल्यावर पेटवायचा की तसाच ठेवायचा?

तुमची वस्तू, तुमचा निर्णय. पण एकदा वात जळली की ती पुन्हा न वापरलेली होत नाही, आणि संग्राहक आधी वातच बघतात. मी एक मार्ग काढला आहे: चित्राच्या लायटरचा मूळ आतला भाग कागदात गुंडाळून खोक्यात ठेवतो. कधी पेटवून बघावासा वाटलाच तर वेगळा विकत घेतलेला आतला भाग त्यात बसवतो. तो सुटा मिळतो आणि नेहमीच्या मापाच्या डबीत बसतो.

पेटवणार असाल तर लायटरचंच इंधन वापरा. गाडीतलं पेट्रोल अजिबात नको. काजळी, वास आणि धोका तिन्ही वाढतात. आतला भाग बाहेर ओढा, तळाचा नमदा उचला, आतल्या कापसावर हळूहळू इंधन सोडा आणि कापूस ओला झाला की थांबा. बाहेर सांडलेलं पुसा, हात धुवा, मगच चाक फिरवा. इंधन आपोआप उडून जातं, त्यामुळे आठ-पंधरा दिवसांनी लायटर पेटला नाही तर तो बिघडला असं समजू नका.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत जपायचा कसा?

सगळ्यात आधी चकमकीचा खडा काढून ठेवा. तळाचा स्क्रू सोडवला की स्प्रिंगबरोबर तो बाहेर येतो. हा खडा लोखंड आणि सेरियमसारख्या धातूंचा असतो. दमट हवेत तो गंजतो, फुगतो आणि अरुंद पितळी नळीत घट्ट बसतो. ठाण्यात एका पावसाळ्यात माझा एक खडा असा अडकला. सुईने कोरून कोरून काढला तेव्हा आतून करडी भुकटी पडली. लायटर वाचला, पण नळीला आतून चरे गेले.

रबरबँड लावू नका आणि रबराच्या वस्तूंजवळ ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो. जुन्या भेटखोक्यांतला फोम दमट हवेत चिकट होतो आणि धातूवर डाग पाडतो. मी तो काढून टाकतो आणि लायटर मऊ सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात ठेवतो. खोकं आणि कार्ड वेगळ्या पिशवीत. पुडी गणपतीच्या आधी एकदा बदलायची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

पितळ काळवंडलं तर घासू का?

नको! पितांबरी देवघरातल्या समईला लावा, लायटरला नाही. मुलामा केसाहून पातळ असतो आणि कोरलेल्या खोलीतला काळा रंग मुद्दाम भरलेला असतो. रेघ दिसते ती त्याच्यामुळे. घासलंत की चकाकी येते आणि चित्र जातं. नुसत्या पितळेवर हाताळून आलेली तपकिरी छटा तर मला आवडते. बोटांचे ठसे मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसा. त्यापुढे काही करू नका.

बिजागरी ढिली झाली, दुरुस्त होते का?

होते. झिप्पोचा जुना शब्द आहे की यांत्रिक बिघाड कंपनी कायम फुकट दुरुस्त करेल, लायटर कितीही जुना असो. पण हा शब्द यंत्राला लागू आहे, वरच्या चित्राला आणि मुलाम्याला नाही. दुरुस्तीत आतला भाग बदलला जाऊ शकतो, मग दोन कोडांचा मेळ राहत नाही. म्हणून सजावटीच्या लायटरचा आतला भाग घरीच ठेवून नुसती बाहेरची डबी पाठवावी. आणि बिजागरी जेमतेम हलत असेल तर पाठवूच नये, असं मी सांगेन.

जपानमधून मागवताना काय सांभाळायचं?

लायटर रिकामा असलाच पाहिजे. इंधन भरलेला लायटर हवाई टपालाने जात नाही. वापरलेला असेल तर त्यात वास राहतो आणि तोही अडकू शकतो. म्हणून न पेटवलेलाच घ्यावा, हे इथेही लागू पडतं. पाकिटावर वस्तूचं नाव आणि किंमत खरी लिहायला सांगा. ‘गिफ्ट’ लिहून सीमाशुल्क वाचेल हा समज जुना आहे. भेटवस्तूंना मिळणारी पाच हजार रुपयांपर्यंतची सूट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली.

‘भारतात लायटर आयातीवर बंदी आहे’ असं काही जण सांगतात. जून २०२३ मध्ये बंदी आली ती वीस रुपयांपेक्षा कमी किमतीच्या सिगारेट लायटरांवर. संग्रहाच्या लायटरची किंमत त्याच्या आसपासही नसते.

मी स्वतः जपानला जाणार आहे. येताना बरोबर आणू?

भारतातल्या विमानतळांवर हातातल्या सामानात लायटर चालत नाही. तुमचं पुढचं विमान मुंबईहून नागपूरला असेल, तर सुरक्षा तपासणीत तो काढून घेतला जाईल आणि परत मिळणार नाही. इंधन असलेला लायटर चेक-इन बॅगेतही धोक्याची वस्तू धरला जातो. कोरा, खोक्यातला, कधीच न भरलेला लायटर असेल तरी तिकीट ज्या विमान कंपनीचं आहे तिला आधी लेखी विचारा आणि उत्तर सोबत ठेवा. मला विचाराल तर मी तिथून कुरिअरच करतो. जिगेनला तपासणीच्या डब्यात टाकून पुढे जायची माझी तयारी नाही.

घरात कोणी सिगारेट ओढत नाही. मुलं विचारतात, तेव्हा काय सांगायचं?

खरं ते सांगायचं. ही गोष्ट १९६७ ची आहे, तेव्हाचे नायक सिगारेट ओढायचे, आणि आपण ही वस्तू चित्रासाठी ठेवली आहे. माझ्या भाचीने एकदा विचारलं, “मामा, मग हा जळतच नाही तर लायटर कसला?” मी तिला भिंग दिलं आणि टोपीची कड दाखवली. ती पाच मिनिटं बघत बसली आणि मग वही मागून तशीच टोपी काढायला लागली.

लायटर कुलपात ठेवा मात्र. झिप्पो हात सोडला तरी जळत राहतो, आपोआप विझत नाही, आणि लहान मुलाला त्याचं झाकण सहज उघडता येतं.

मूळ मांगा वाचावा का?

लायटर घेण्याआधी वाचावा. पण मोठ्यांनी. तो प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकातला आहे आणि अ‍ॅनिमेतल्या ल्युपिनपेक्षा बराच उग्र आहे. स्त्रियांशी तो जसा वागतो त्यातलं पुष्कळसं आज वाचवत नाही. मियाझाकींचा हळवा, राजकन्येसाठी जीव टाकणारा ल्युपिन डोक्यात ठेवून गेलात तर धक्का बसेल. मला तो धक्का बसला होता. तरीही पानांची मांडणी, एका चौकटीतून दुसरीत उडी मारणारी गती आणि चौकटीबाहेर सांडणारा विनोद बघून मी दोन रात्री जागलो. पहिली मालिका १९६९ पर्यंत चालली, ‘नवा ल्युपिन’ १९७७ ते १९८१. इंग्रजी भाषांतरं निघालेली आहेत.

पुढे किंमत वाढेल का?

त्या हिशेबाने घेऊ नका.

इतर मांगाकारांचे असे लायटर आहेत का?

आहेत. लेइजी मात्सुमोतो (१९३८ ते २०२३) यांच्या अंतराळातल्या चाच्याचे, कॅप्टन हार्लॉकचे लायटर लोकप्रिय आहेत. कवटीची खूण धातूवर सुरेख उठते. ताकाओ साइतो (१९३६ ते २०२१) यांच्या ‘गोल्गो १३’चेही आहेत. जुलै २०२१ मध्ये त्या मालिकेचा २०१ वा खंड आला आणि एका मांगा मालिकेच्या सर्वाधिक खंडांचा गिनेस विक्रम झाला. दोघांच्याही बाबतीत तळाचा कोड आणि हक्काची ओळ वाचायची पद्धत तीच.

मंकी पंच यांच्या गावी काही बघण्यासारखं आहे का?

हामानाका अजून छोटंसंच गाव आहे. मासे, समुद्री शेवाळ आणि दूध यांवर चालतं. तिथलं दूध हागेन-दाझ आइस्क्रीमच्या जपानी कारखान्याला जातं. गावाने आपल्या चित्रकाराला जिवंतपणीच डोक्यावर घेतलं. कुशिरो शहराहून नेमुरोच्या दिशेने जाणाऱ्या हानासाकी या रेल्वेमार्गावर २०१२ पासून ल्युपिनच्या चित्रांचा डबा धावू लागला, आणि गावातल्या सांस्कृतिक केंद्रात त्यांच्या कामाचं कायमस्वरूपी दालन आहे. दिवसाला गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा.

जवळच किरिताप्पूची मोठी पाणथळ जागा आहे, जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतली. ‘किरी’ म्हणजे धुकं. उन्हाळ्यात समुद्रावरून ते इतकं दाट येतं की दहा पावलांवरचा माणूस नुसती बाह्यरेषा होऊन उभा राहतो. त्याच रेल्वेमार्गावरच्या चानाई स्थानकावर उतरलात तर ल्युपिन आणि मंडळींचे माणसाएवढे फलक तुमची वाट बघत असतील.